असेम्ब्लीत अंक-ओळख: प्रोजेक्ट उभा करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने लिहिलेल्या एका अंकाचं चित्र घ्यायचं आणि तो ० ते ९ पैकी कोणता ते असेम्ब्लीतल्या, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या भाषेतल्या, प्रोग्रॅमने सांगायचं, एवढाच हा प्रोजेक्ट. गेली काही सत्रं मी तो लॅबमध्ये करून घेतो आहे. प्रश्न दर वेळी तेच येतात, आणि गंमत म्हणजे न्यूरल नेटवर्कबद्दलचे (उदाहरणांवरून शिकून अंक ओळखणाऱ्या गणिताबद्दलचे) त्यात फार थोडे असतात. बाकी सगळी भांडणं रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा), बाइट आणि फाइल यांच्याशी. सूचनांची आणि रजिस्टरची नावं आपण तोंडी म्हणतो तशीच खाली लिहिली आहेत.

नेटवर्कचं ट्रेनिंगही असेम्ब्लीतच करायचं का?

नाही. ट्रेनिंग पायथनमध्ये करा, तयार झालेली वेट्स (ज्यांनी इनपुट गुणायचं ते नेटवर्कचे आकडे) फाइलमध्ये लिहा आणि असेम्ब्लीत फक्त ओळखायचं काम ठेवा. ट्रेनिंगही असेम्ब्लीत करू म्हणणारा एखादा गट दर वर्षी निघतो. दुसऱ्या आठवड्यात तो विचार बदलतो.

कोणता प्रोसेसर निवडावा? आम्हाला ८०८६ येतं.

माझं मत रिस्क-फाइव्ह. सूचना मोजक्या आहेत, रजिस्टर ३२ आहेत आणि कोणतं रजिस्टर कशासाठी याचा संकेत स्पष्ट आहे. ८०८६ वर हे अशक्य नाही, पण तिथे एक सेगमेंट, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, ६४ केबीचा, म्हणजे ६५,५३६ बाइटचा. खाली सांगितलेल्या नेटवर्कची वेट्स एक-एक बाइटची धरली तरी १,०१,६३२ बाइट होतात, म्हणजे एका सेगमेंटमध्ये मावत नाहीत. शिवाय गुणाकार डीएक्स आणि एएक्स अशा दोन रजिस्टरांत विभागून येतो, त्यामुळे प्रत्येक बेरीज दोन टप्प्यांत करावी लागते. ८०८६ च हवा असेल तर हिडन लेअर, म्हणजे इनपुट आणि आउटपुट यांच्या मधला थर, ६४ चा ठेवा. पहिल्या लेअरची वेट्स ५०,१७६ बाइटांत बसतील.

सिम्युलेटर कोणता?

रार्स किंवा व्हीनस; दोन्ही रिस्क-फाइव्हचा कोड आपल्या संगणकावर चालवून दाखवतात. रार्सला संगणकावर जावा लागतं, व्हीनस ब्राउझरमध्येच चालतो. पाइपलाइन (सूचना प्रोसेसरमधून टप्प्याटप्प्याने कशा पुढे सरकतात ते) डोळ्यांनी बघायची हौस असेल तर राइप्स छान आहे. पण गटातल्या सगळ्यांनी एकच घ्या. सिस्टिम कॉलचा (छापणं, फाइल उघडणं अशा कामाच्या मागणीचा) क्रमांक रार्समध्ये ए७ या रजिस्टरमध्ये ठेवायचा असतो, व्हीनसमध्ये ए० मध्ये. एकाने एकावर लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर चालवलं की साधा आकडाही छापला जात नाही, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात!

डेटा कुठला वापरायचा? त्यात नेमकं काय असतं?

एमनिस्ट. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने गोळा केलेल्या नमुन्यांपासून तो तयार झाला; त्यातले निम्मे नमुने जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या हातचे, निम्मे शाळकरी मुलांच्या. ट्रेनिंगसाठी ६०,००० आणि चाचणीसाठी १०,००० चित्रं आहेत. प्रत्येक चित्र २८ बाय २८, म्हणजे ७८४ पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेल एक बाइट: ० म्हणजे कोरी जागा, २५५ म्हणजे गडद शाई.

चित्रांच्या फाइलला सुरुवातीला १६ बाइटचं हेडर असतं, उत्तरांच्या फाइलला ८ बाइटचं. त्यामुळे चाचणीच्या फाइली उघडल्यावर नेमक्या ७८,४०,०१६ आणि १०,००८ बाइट भरायला हव्यात. तेवढ्या नसतील तर डाउनलोड अर्धवट झालंय किंवा फाइल अजून झिपमध्येच आहे. हे आधी बघा, कोडला नंतर शिव्या घाला.

चित्रांची संख्या १०,००० ऐवजी २७,०९,९१,३६० येते. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, फक्त बाइट उलटे वाचलेत. हेडरमधले आकडे बिग-एंडियन पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणजे मोठा बाइट आधी. तुमचा सिम्युलेटर लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी धरतो. एलडब्ल्यूने थेट चार बाइट उचलले की १०,००० चे २७ कोटी होतात आणि २८ चे ४६,९७,६२,०४८. चार बाइट एलबीयूने (एक बाइट चिन्हाशिवाय उचलणाऱ्या सूचनेने) एक-एक करून उचला, २४, १६ आणि ८ घरं डावीकडे सरकवा आणि ऑर करून जोडा. पहिला आकडा चित्रांच्या फाइलीत २०५१ आणि उत्तरांच्या फाइलीत २०४९ आला की समजा जमलं. पिक्सेल एकेका बाइटचेच असल्याने त्यांना हा त्रास नाही.

फाइल उघडतच नाही, ए० मध्ये उणे एक येतं.

दहातल्या नऊ वेळा पाथ चुकलेला असतो. सिम्युलेटर ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथे तो फाइल शोधत असतो, तुमचा कोड जिथे आहे तिथे नव्हे. एकदा पूर्ण पाथ देऊन बघा. रार्समध्ये सिस्टिम कॉलचा क्रमांक उघडायला १०२४, वाचायला ६३, बंद करायला ५७. वाचल्यावर ए० मध्ये किती बाइट आले तेही तपासा. मागितले तेवढेच मिळाले असं गृहीत धरू नका.

चित्र नीट वाचलं गेलं हे कसं ओळखायचं?

छापून बघा. पिक्सेल १२७ पेक्षा मोठा असेल तर #, नाहीतर टिंब, आणि दर २८ पिक्सेलांनंतर नवी ओळ. एवढं वीस ओळींचं फंक्शन सगळ्यात आधी लिहा. चाचणीच्या फाइलीतली पहिली दहा उत्तरं ७, २, १, ०, ४, १, ४, ९, ५, ९ अशी आहेत. म्हणजे पहिल्या चित्रात वर आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकापासून खाली डावीकडे तिरकी उतरणारी रेघ दिसली पाहिजे.

सगळं चित्र नुसत्या टिंबांचं आलं तर एलबी वापरलंय. एलबी बाइटला चिन्हासकट वाचतं, त्यामुळे २०० चा उणे ५६ होतो. १२८ पासून पुढचे सगळे पिक्सेल ऋण झाले की १२७ पेक्षा मोठं कोणीच उरत नाही, आणि नेमकी गडद शाईच गायब होते. पिक्सेलना एलबीयू, वेट्सना एलबी. व्हायवात हा प्रश्न मी हमखास विचारतो.

चित्र दिसतंय, पण एका बाजूने कापून दुसऱ्या बाजूला चिकटवल्यासारखं? मग हेडरचे १६ बाइट वगळायचे राहिलेत.

नेटवर्क केवढं घ्यावं?

७८४ इनपुट, १२८ चा एक हिडन लेअर, १० आउटपुट. पायथनमध्ये ट्रेन केल्यावर हे ९७–९८ टक्क्यांपर्यंत सहज जातं. हिडन लेअर नसलेलं, थेट ७८४ वरून १० वर जाणारं नेटवर्क ९२ टक्क्यांच्या आसपास अडकतं, पण सरावाला तेच आधी करा. यान लकून आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातलं लेनेट-५ एक टक्क्याच्याही खाली चूक करत होतं, हे खरं. पण त्यात कन्व्होल्यूशन (छोटी चौकट चित्रभर सरकवत केलेले गुणाकार-बेरजा) आहे, आणि असेम्ब्लीत चार-चार लूप एकमेकांच्या पोटात घालायची हौस पहिल्याच प्रोजेक्टला नको.

वेट्स तर ०.०३७ अशी दशांशात असतात. त्यांचं काय करायचं?

पूर्णांक करून टाका. फ्लोटिंग पॉइंटच्या सूचना रिस्क-फाइव्हमध्ये आहेत, तरी मी पूर्णांकच सुचवतो, कारण मग पायथनमधलं उत्तर आणि असेम्ब्लीतलं उत्तर शेवटच्या बिटापर्यंत जुळवता येतं. ‘जवळपास बरोबर’ नावाचा प्रकारच उरत नाही.

एका लेअरमधलं, चिन्ह सोडून, सगळ्यात मोठं वेट १२७ होईल अशा आकड्याने त्या लेअरच्या सगळ्या वेट्सना गुणा आणि पूर्णांकात आणा. पिक्सेल ० ते २५५ तसेच राहू देत. आता ओव्हरफ्लोचा हिशेब कागदावर मांडा, अंदाजपंचे नको. एक गुणाकार जास्तीत जास्त २५५ × १२७ म्हणजे ३२,३८५. असे ७८४ मिळवले तर २,५३,८९,८४०. ३२ बिटांची चिन्हासकट मर्यादा २,१४,७४,८३,६४७, त्यामुळे पहिला लेअर निवांत. पण हेच आकडे तसेच दुसऱ्या लेअरला दिले तर प्रत्येकी १२७ पट आणि वर १२८ जणांची बेरीज, म्हणजे वाईटात वाईट ४१,२७३ कोटींच्या वर. मावत नाही.

म्हणून पहिल्या लेअरनंतर प्रत्येक आकडा ८ घरं उजवीकडे सरकवा, म्हणजे २५६ ने भागा. २,५३,८९,८४० चे ९९,१७९ राहतात, आणि दुसऱ्या लेअरची बेरीज फार तर १,६१,२२,५३,८२४ होते. ७ घरं सरकवलं असतं तर बसलं नसतं. अहवालात हा हिशेब दिसला की मला गुण द्यायला बरं वाटतं.

सरकवणं रेलूच्या, म्हणजे ऋण आकडे शून्य करणाऱ्या फंक्शनच्या, नंतर करा. ऋण आकडा एसआरएआयने (चिन्ह राखून उजवीकडे सरकवणाऱ्या सूचनेने) सरकवला की तो खालच्या पूर्णांकाकडे झुकतो, सी भाषेतला भागाकार मात्र शून्याकडे. उणे ५ ला २ ने भागलं तर एकीकडे उणे ३, दुसरीकडे उणे २. रेलूने ऋण आकडे आधीच शून्य केलेले असले की हा वाद उरत नाही.

आणि बायस?

बायस म्हणजे प्रत्येक बेरजेत वरून मिळवायचा ठरलेला आकडा. पहिल्या फेरीत नकोच; बायसशिवायच ट्रेन करा. फरक किरकोळ पडतो. बायस ठेवायचा हट्ट असेल तर वेट्सना आणि पिक्सेलना ज्या पटीने मोठं केलं त्याच पटीने बायसही वाढवावा लागतो, दुसऱ्या लेअरमध्ये तर वर २५६ ने भागलेलंही लक्षात घ्यावं लागतं. बायस जसाच्या तसा जोडणारे बरेच भेटतात. समुद्रात चिमूटभर मीठ टाकल्यासारखं ते होतं, काहीच बदलत नाही.

सॉफ्टमॅक्स असेम्ब्लीत कसं लिहायचं?

लिहायचं नाही. सॉफ्टमॅक्स दहा आकड्यांच्या शक्यता करून देतं, पण सगळ्यात मोठा आकडा त्यानंतरही सगळ्यात मोठाच राहतो. दहांतला मोठा कुठे आहे ते शोधा, झालं.

कोड लिहायला सुरुवात कुठून करावी? मेनपासून?

मेन सगळ्यात शेवटी. आधी पायथनमध्ये एक आरसा-प्रोग्रॅम लिहा: तेच पूर्णांक, तीच सरकवणी, तोच क्रम, फक्त साधे लूप. नम्पाय ही पायथनची गणिताची लायब्ररी वापरत असाल तर गुणाकाराआधी सगळं ३२ किंवा ६४ बिटांत बदलून घ्या. ८ बिटांचे ॲरे तसेच गुणले तर तो गुपचूप ओव्हरफ्लो करतो, आणि मग तुमचा आरसाच खोटं बोलायला लागतो. या प्रोग्रॅममधून पहिल्या चित्रासाठी हिडन लेअरचे १२८ आणि शेवटचे १० आकडे छापून ठेवा.

मग असेम्ब्लीत एक-एक फंक्शन: रेलू, मोठ्यात मोठा शोधणारं आर्गमॅक्स, दोन ॲरेंचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून बेरीज), आणि डॉटला वारंवार बोलावणारं मॅट्रिक्सचं फंक्शन. प्रत्येकाला तीन-चार आकड्यांचा ॲरे देऊन तपासा. लांबी एक असलेला ॲरे आणि सगळेच आकडे ऋण असलेला ॲरे, हे दोन सोडू नका. शेवटी १२८ आकडे आरशाशी जुळवा. ते जुळल्याशिवाय दुसऱ्या लेअरला हात लावायचा नाही. टक्केवारी बघून चूक सापडत नसते. ३७ वा आकडा वेगळा आला की सापडते.

एकेकटं फंक्शन बरोबर चालतं, जोडलं की कचरा उत्तर येतं. का?

कारण कोणीतरी दुसऱ्याचं रजिस्टर पुसलं. संकेत असा आहे: टी० ते टी६ आणि ए० ते ए७ ही रजिस्टरं बोलावलेलं फंक्शन बिनधास्त वापरू शकतं, एस० ते एस११ मात्र वापरायची तर आधी स्टॅकवर ठेवून, जाताना जशीच्या तशी परत करायची. शिवाय तुमचं फंक्शन आणखी कोणाला बोलावत असेल तर आरएसुद्धा जपून ठेवायचा, नाहीतर परतीचा पत्ताच हरवतो आणि प्रोग्रॅम एकाच ठिकाणी गरगरत बसतो.

याची अवघड बाजू अशी की नियम मोडूनही कोड महिनाभर बरोबर चालू शकतो. आम्ही विद्यार्थी असताना माझ्या मॅट्रिक्सच्या लूपचा मोजणारा आकडा टी३ मध्ये होता. जोडीदाराचं डॉट फंक्शन टी३ ला शिवतच नव्हतं, म्हणून सगळं सुरळीत. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याने वेग वाढवायला डॉटमध्ये टी३ वापरलं. प्रत्येक चित्राला उत्तर तीन! पहाटे चारपर्यंत आम्ही त्याचा कोड तपासत होतो, आणि त्याच्या कोडमध्ये चूक नव्हतीच. चूक माझी होती, तीही तीन आठवडे जुनी.

यावर खोडसाळ पण रामबाण उपाय: चाचणीच्या वेळी प्रत्येक फंक्शनच्या शेवटी, परत जाण्याआधी, सगळ्या टी रजिस्टरांत मुद्दाम कचरा भरा. नियम मोडणारा कोड तिथल्या तिथे कोलमडतो.

अचूकता दहा टक्क्यांच्या आसपासच राहते.

नेमका आकडा सांगा. चाचणीच्या १०,००० चित्रांत शून्य ९८० वेळा येतो आणि एक १,१३५ वेळा. बरोबर ९.८० टक्के आले तर तुमचा प्रोग्रॅम डोळे मिटून शून्य म्हणतोय, ११.३५ आले तर एक. सतत शून्य येण्याचं नेहमीचं कारण आर्गमॅक्समध्ये सापडतं: ‘आतापर्यंतचा मोठा’ याची सुरुवात ० ने केलेली असते, दहाही आकडे ऋण असले की त्याला कोणीच हरवत नाही आणि पहिली जागाच उत्तर म्हणून परत येते. सुरुवात ॲरेच्या पहिल्या आकड्याने करा.

उत्तरं वेगवेगळी येतात, पण बहुतेक चुकीची? वेट्सची फाइल आडवी-उभी झाली असणार. ट्रेनिंगच्या पायथन लायब्ररींपैकी पायटॉर्च लिनियर लेअरची वेट्स १२८ ओळी आणि ७८४ स्तंभ अशी ठेवतो, केरास डेन्स लेअरची ७८४ ओळी आणि १२८ स्तंभ अशी. दोन्हीकडे एकूण १,००,३५२ च बाइट, त्यामुळे फाइल वाचताना कसलीही कुरकुर होत नाही.

‘पत्ता चारच्या पटीत नाही’ असा एरर येतो.

ॲरेच्या आधी डेटा विभागात एखादी स्ट्रिंग ठेवली असेल. शब्दांच्या (चार-चार बाइटांच्या आकड्यांच्या) ॲरेआधी अलाइन डिरेक्टिव्ह टाका. आणि अशीच आणखी एक खोड: एडीडीआयमध्ये (रजिस्टरमध्ये ठरावीक आकडा मिळवणाऱ्या सूचनेत) फक्त उणे २,०४८ ते २,०४७ एवढाच आकडा मावतो. ७८४ शब्दांची उडी ३,१३६ बाइटची होते, ती आधी एलआयने रजिस्टरमध्ये घ्या.

दहा हजार चित्रं चालवायला फार वेळ लागतो.

लागणारच. आतल्या लूपमध्ये सात सूचना धरल्या, तर एका चित्राला सात लाखांहून जास्त आणि दहा हजारांना सातशे कोटींच्या वर सूचना होतात. रोजच्या तपासणीला १०० चित्रं पुरेत.

वेग खरंच वाढवायचा असेल तर एक युक्ती आहे. या चित्रांतले पाचपैकी चार पिक्सेल शून्य असतात, आणि शून्याला कशानेही गुणणं म्हणजे वेळेची नासाडी. लूप उलटा करा: बाहेर पिक्सेल, आत हिडन लेअरचे १२८ न्यूरॉन. पिक्सेल शून्य असेल तर आतला लूप अख्खा वगळा, नसेल तर त्या पिक्सेलची १२८ वेट्स गुणून १२८ बेरजांत टाकत जा. आतला लूप सातऐवजी आठ सूचनांचा होतो, पण चालतो साधारण १५० पिक्सेलांसाठीच, म्हणजे पहिल्या लेअरचं काम सात लाखांवरून दीड लाखाच्या आसपास येतं. आणि इथे केराससारखी ७८४ बाय १२८ मांडणीच सोयीची पडते. मात्र आधी साधा लूप बरोबर चालू द्या.

दोघांत काम कसं वाटायचं?

एकाने फाइल वाचणं, एकाने गणित, असं सरसकट करतात. मला दुसरी पद्धत पटते: एक जण फंक्शन लिहितो, दुसरा त्याची चाचणी, पुढच्या फंक्शनला अदलाबदल. निदान व्हायवात ‘तो भाग याने केलाय’ असं ऐकावं लागत नाही.

चॅटबॉटकडून कोड लिहून घेतला तर चालेल का?

तुमच्या अभ्यासक्रमाचा नियम आधी बघा. माझ्यापुरतं सांगायचं तर व्हायवात मी कोडमधली एक ओळ पुसतो आणि विचारतो, आता काय होईल? कोड कुठून आला ते मग वेगळं विचारावं लागत नाही.

आमच्या अक्षरातला अंक दिला तर साफ चुकतो.

कागदाच्या फोटोत कागद पांढरा, म्हणजे २५५ च्या जवळ, आणि शाई गडद. एमनिस्टमध्ये याच्या उलट. प्रत्येक पिक्सेल २५५ मधून वजा करा. मग अंक २० बाय २० च्या चौकटीत बसेल एवढा लहान करा आणि शाईचा गुरुत्वमध्य २८ बाय २८ च्या मधोमध आणा. मूळ चित्रं अशीच तयार केलेली आहेत. एवढं करूनही काही चुकणार. चाचणीतलंच नववं चित्र घ्या: उत्तर पाच आहे, पण छापून बघितलं तर माणूसही सहा म्हणेल.

देवनागरी अंकांवर हाच प्रोजेक्ट करता येईल?

येईल, आणि करावा. देवनागरी हस्तलिखित अक्षरांचा ४६ वर्गांचा, ९२,००० चित्रांचा खुला डेटासेट आहे. त्यातले दहा वर्ग अंकांचे. चित्रं पीएनजी आहेत, ती पायथनने एमनिस्टच्याच साच्यात लिहून घ्या म्हणजे असेम्ब्लीतला वाचणारा कोड तसाच राहील. चित्र मात्र ३२ बाय ३२ आहे. म्हणजे १,०२४ पिक्सेल, आणि तेवढ्याने गुणायला नुसतं १० घरं डावीकडे सरकवलं की झालं. ओव्हरफ्लोचा हिशेब नव्याने करा: पहिल्या लेअरची कमाल बेरीज ३,३१,६२,२४०, ८ घरं सरकवल्यावर १,२९,५४०, आणि दुसऱ्या लेअरची २,१०,५८,०२,२४०. ३२ बिटांत जेमतेम बसतंय. बायस जोडणार असाल तर ८ ऐवजी ९ घरं सरकवा.